ला पाझमधे एकच दिवस असेल तर

बोलिव्हियातलं ला पाझ साधारण ३६०० मीटरवर आहे आणि एअरपोर्ट त्याच्याही वर, एल आल्तोला, ४००० च्या पुढे, त्यामुळे उतरल्या उतरल्या धावपळ अजिबात करू नका, जिना चढतानाही धाप लागते. हळू चाला, पाणी पीत रहा, कोकाच्या पानांचा चहा मिळतो तो घ्या (त्याच्या टी बॅग्ज घरी मात्र आणू नका, आपल्याकडे चालत नाही).

सकाळी साल्तेन्या खा. दिसायला करंजीसारखी, पण आत रस्सा असतो, म्हणून उभी धरायची, वरचं टोक चावायचं आणि आधी रस्सा ओढून घ्यायचा, नाहीतर सगळा शर्टावर. आत बहुतेक चिकन नाहीतर बीफ असतं, विचारूनच घ्या. दुपारपर्यंत संपतात.

मग टॅक्सी सोडा, रोपवे घ्या. २०१४ पासून लोक ऑफिसला जायला तोच वापरतात. लाल लाईन स्मशानभूमीवरून वर एल आल्तोला जाते, आणि गुरुवार किंवा रविवार असेल तर वरती प्रचंड बाजार भरलेला असतो. मला सगळ्यात आवडलं ते परतताना, हवा स्वच्छ असली की समोर बर्फाचा इयिमानी पर्वत दिसतो. स्वेटर जवळ ठेवा, ऊन गेलं की लगेच गारठा पडतो.