हायब्रिडायझेशन: बंध मोजताना या चुका टाळा

हायब्रिडायझेशन म्हणजे अणूची एस आणि पी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन असण्याच्या जागा) मिसळून नवी एसपी, एसपी२ किंवा एसपी३ ऑर्बिटल बनणं. दर पावसाळ्यात अकरावीची नवी बॅच येते आणि वह्यांत तोच मंत्र घेऊन येते: एकेरी बंध एसपी३, दुहेरी एसपी२, तिहेरी एसपी. मिथेन, इथिलीन, अ‍ॅसिटिलीन यांवर तो बरोबर ठरतो, म्हणूनच पुढे घात करतो. मोजायचे ते सिग्मा बंध (दोन अणूंमधला पहिला, थेट बंध) आणि लोन पेअर (बंधात नसलेली इलेक्ट्रॉनची जोडी): बेरीज दोन तर एसपी, तीन तर एसपी२, चार तर एसपी३.

गुहागरकडच्या एका मुलाने अ‍ॅलीन (सीएच२=सी=सीएच२) फळ्यावर काढलं. त्याच्या मते तिन्ही कार्बन एसपी२, रेणू सपाट.

"मधल्या कार्बनला सिग्मा बंध किती रे?"

"चार, सर."

बंध चार, पण सिग्मा दोनच. उरलेले दोन पाय (π) बंध, म्हणजे समांतर पी ऑर्बिटल बाजूने जुळून झालेले. लोन पेअर नाही. म्हणजे एसपी, कोन १८० अंश. त्याला पटेना. मग झावळीचे हीर आणि कणकेचे गोळे पुढ्यात ठेवले. मधल्या गोळ्यात दोन पी ऑर्बिटल, म्हणजे दोन हीर, एकमेकांना काटकोनात. डाव्या टोकाचा पी एकाला समांतर, उजव्याचा दुसऱ्याला. हायड्रोजन मात्र आपापल्या पी-ला काटकोनात. अर्ध्यावरच त्याने एक टोक स्वतःहून फिरवलं आणि म्हणाला, "मग सीओ२ मधला कार्बनपण एसपी!"

या पिळामुळे काही अ‍ॅलीनना आरशातली जोडी (एकमेकांवर तंतोतंत न बसणारी प्रतिबिंबं) असणार, असं डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने १८७५ मध्ये सांगितलं. प्रयोगशाळेत ते सिद्ध व्हायला १९३५ उजाडलं. आमच्या सीईटीवाल्यांना सिग्मा मोजायलाही दम निघत नाही.

दुसरी नडणारी चूक नायट्रोजनची. अ‍ॅसिटामाइडमध्ये (सीएच३–सीओ–एनएच२) नायट्रोजनला तीन सिग्मा आणि एक लोन पेअर, म्हणून एसपी३ लिहून मोकळे होतात. ती जोडी शेजारच्या सी=ओ कडे पसरलेली असते; नायट्रोजन जवळपास सपाट, एसपी२ धरायचा. लोन पेअर मोजण्याआधी मी शेजाऱ्याकडे पाय बंध आहे का ते बघतो. अ‍ॅनिलीनमध्ये (बेंझीनच्या कड्याला एनएच२) हेच, पण अर्धवट. तिथे ठाम उत्तर मागणारा प्रश्नच मला आवडत नाही.

मिथिल कॅटायनचं (सीएच३+, धन आयन) रिकामं ऑर्बिटल मोजू नका, तो एसपी२.

दुहेरी बंधाची ताकद एकेरीच्या दुप्पट नसते: सी–सी सुमारे ३५०, सी=सी सुमारे ६१० किलोज्यूल प्रति मोल.

रेषाकृतीतले (नुसत्या रेघांनी काढलेल्या रेणूतले) न दिसणारे हायड्रोजन आधी पेन्सिलने लिहा. मी अजून लिहितो.

सरावाला कोकमातलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल घ्या. सहा कार्बन: तीन एसपी२, तीन एसपी३. मोजून आलं तरच पान उलटा.