शेअर बाजाराची कार्यक्षमता मोजताना या चुका टाळा

प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने निफ्टीचे 2000 ते 2024 या काळातले रोजचे बंद भाव आणले होते. वारानुसार सरासरी परतावा काढला, तर तक्त्यात पाच ओळींऐवजी सात ओळी आल्या. शनिवार होता, रविवारही होता, आणि रविवारची सरासरी इतर वारांपेक्षा वरचढ दिसत होती. तारखा उघडून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. 27 ऑक्टोबर 2019 आणि 12 नोव्हेंबर 2023 या दोन्ही दिवशी दिवाळी रविवारी आली होती आणि संध्याकाळी तासाभराचे मुहूर्ताचे सौदे झाले होते. 1 फेब्रुवारी 2020 चा शनिवार अर्थसंकल्पाचा होता. असे दिवस एकतर वगळा किंवा वेगळे ठेवा. तासाभराचे सत्र हा पूर्ण दिवस नव्हे.

कालच्या भावावरून आजचा अंदाज बांधता येत नसेल, तर बाजार निदान प्राथमिक अर्थाने कार्यक्षम आहे, असे आपण म्हणतो. भारतीय बाजार तीस वर्षांत सुधारला का, हा प्रश्न मोलाचा आहे. सामान्य माणसाला वाजवी भाव मिळतो की नाही, हे त्यावर ठरते. पण आलेखातली सुधारणा बाजाराची आहे की आपल्या मोजमापाची, हे आधी तपासायला हवे.

नियम बदलला, माणसे नव्हे

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. 1990 च्या दशकात एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारावर) सौद्यांचा आठवडा बुधवारी सुरू होऊन मंगळवारी संपे, तर बीएसईवर (मुंबई शेअर बाजारावर) तो सोमवार ते शुक्रवार असे. पहिल्या दिवशी घेतलेल्या आणि शेवटच्या दिवशी घेतलेल्या शेअरचे पैसे एकाच दिवशी चुकते करायचे. म्हणजे नवा आठवडा सुरू होताच खरेदीदाराला जास्त दिवसांची उधारी मिळे, आणि तेवढे व्याज भावात चढे. त्यावर सौदा पुढच्या आठवड्यात ढकलायची बदला पद्धत होतीच. वारानुसार परताव्यात फरक दिसायला एवढे कारण पुरेसे आहे.

जुलै 2001 मध्ये बदला बंद झाला आणि रोजच्या रोज सेटलमेंटकडे, म्हणजे प्रत्येक दिवसाच्या सौद्यांचा हिशेब वेगळा चुकता करण्याकडे, बाजार वळला. एप्रिल 2002 पासून सौद्यानंतर तीन दिवसांत, एप्रिल 2003 पासून दोन दिवसांत आणि 27 जानेवारी 2023 पासून सगळ्याच शेअरसाठी एका दिवसात व्यवहार पुरा होऊ लागला. त्यामुळे ‘2001 नंतर वाराचा परिणाम ओसरला, म्हणजे गुंतवणूकदार शहाणे झाले’ असे वाक्य लिहिण्याआधी थांबा. बदलांच्या तारखांच्या उभ्या रेघा आलेखावर मारा आणि मग वळणे वाचा.

सरासरी भावावर चाचणी

रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यांत निर्देशांकाची महिन्याची सरासरी सहज मिळते, म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो. वापरू नका. रोजचे भाव पूर्णपणे यादृच्छिक (नशिबावर हलणारे) असले, तरी त्यांच्या मासिक सरासरीतल्या लागोपाठच्या बदलांमध्ये सुमारे 0.25 इतका सहसंबंध (एकाबरोबर दुसरा हलण्याचे माप; शून्य म्हणजे संबंध नाही) आपोआप तयार होतो. हे अर्थशास्त्रज्ञ होलब्रुक वर्किंग यांनी 1960 मध्येच दाखवले आहे. मासिक अभ्यास करायचा तर महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा भाव घ्या. एनएसईचा बंद भावसुद्धा वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीने (मोठ्या सौद्याला जास्त वजन देऊन) ठरत आला आहे, तेव्हा अगदी बारीक मोजमाप करणाऱ्याने तेही ध्यानात ठेवावे.

याचाच भाऊबंद म्हणजे क्वचित सौदे होणारे शेअर. सकाळी अकराला शेवटचा सौदा झालेल्या शेअरला दुपारची बातमी दुसऱ्या दिवशी कळते, आणि लहान कंपन्यांच्या निर्देशांकात कालचा-आजचा संबंध उगाच दिसू लागतो.

बोनस आणि विभाजनाबद्दल फार सांगायला नको. एकास एक बोनस दिल्यावर भाव निम्मा होतो. समायोजन केले नसेल, तर तक्त्यात उणे पन्नास टक्के परतावा बसलेला असतो. कमाल आणि किमान परतावा आधी पाहावा, दोन मिनिटांचे काम आहे.

सरकत्या खिडकीच्या कडा

कार्यक्षमता काळानुसार कशी बदलली हे पाहायला बहुतेक जण 250 दिवसांची खिडकी, म्हणजे सौद्यांच्या सुमारे वर्षभराचा तुकडा, एकेक दिवस पुढे सरकवत कालच्या-आजच्या परताव्यातला सहसंबंध काढतात. पद्धत चांगली आहे, पण 250 दिवसांत प्रमाण त्रुटीच (निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे माप) सुमारे 0.063 असते. म्हणजे तिच्या साधारण दुप्पट, उणे 0.12 ते अधिक 0.12 यांच्या आत हलणारी रेघ काहीच सांगत नाही. तो पट्टा आलेखावर काढाच. बाजार अस्वस्थ असताना पट्टा आणखी रुंद होतो, म्हणून लो आणि मॅकिन्ले या अभ्यासकांच्या 1988 च्या विचरण-गुणोत्तर चाचणीचे (लांब आणि छोट्या काळातल्या परताव्यांच्या चढउताराची तुलना करणाऱ्या चाचणीचे) बदलत्या अस्थिरतेला चालणारे रूप वापरा.

एकच दिवस किती गोंधळ घालतो, ते 23 मार्च 2020 वरून कळेल. त्या दिवशी सर्किट (घसरणीची ठरलेली मर्यादा) लागून व्यवहार काही वेळ थांबले आणि दिवसअखेर सेन्सेक्स सुमारे 13 टक्के कोसळला. हा दिवस खिडकीत शिरतो तेव्हा रेघ उडी मारते, आणि मार्च 2021 च्या अखेरीस तो बाहेर पडतो तेव्हा पुन्हा मारते. त्या दुसऱ्या उडीशी बाजाराचा काही संबंध नसतो. शिवाय मोठी पडझड म्हणजे अकार्यक्षमता, हेही चूकच. टाळेबंदीची बातमी लगेच भावात उतरली, तर भाव आपले काम करतो आहे.

संबंध खरा निघाला, तरी दलाली, खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक आणि ऑक्टोबर 2004 पासून लागू झालेला रोखे व्यवहार कर वजा करून काही उरते का, ते बघा.

शेवटी एक तपासणी मी प्रत्येकाला करायला लावतो. सगळे परतावे पत्त्यांसारखे पिसा, म्हणजे तारखांचा क्रम पूर्ण मोडेल, आणि तोच प्रोग्राम त्यांच्यावर हजार वेळा चालवा. पिसलेल्या आकड्यांतही बाजार ‘सुधारताना’ वारंवार दिसला, तर चूक प्रोग्राममध्ये शोधा.