व्हिएतनाम आणि लाओसमध्ये फिकं जेवण कसं मिळवायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला ताटाकडं बघूनच कळतं कुठली मिरची पडलीय. ब्याडगीचा लालभडक रस्सा दिसतो तेवढा जाळत नाही, आणि संकेश्वरी पडली असेल तर पहिल्या घासाआधीच नाक सांगतं. हा अंदाज व्हिएतनाम आणि लाओसमध्ये चालत नाही. तिथं लाल तवंग कित्येकदा शेंदरीच्या बियांच्या तेलाचा असतो, त्याला तिखटपणा नसतो. उलट पांढरट-हिरवी दिसणारी कच्च्या पपईची कोशिंबीर डोळ्यांतून पाणी काढते.

रंग सोडा आणि एवढं लक्षात ठेवा: व्हिएतनाममध्ये तिखट बहुतेक वेळा टेबलावर असतं, लाओसमध्ये ते खलात असतं. म्हणून व्हिएतनाममध्ये पदार्थ आल्यावर हात आवरला तरी भागतं. लाओसमध्ये मात्र कुटायला सुरुवात व्हायच्या आधी बोलावं लागतं.

व्हिएतनाम: काय मागवावं

सुरुवात ‘फो गा’पासून करा. कोंबडीचं नितळ सूप, त्यात तांदळाच्या चपट्या शेवया, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर. मिरचीचे काप, लिंबू आणि मिरचीचा सॉस बाजूला येतो. हनोईकडं सोबत लसूण घातलेलं व्हिनेगर असतं, दक्षिणेत हो ची मिन्ह सिटीकडं मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीची पानं आणि गोडसर होइसिन सॉस. यातलं काहीही न घालता सूप पूर्ण लागतं. एकच खबरदारी घ्या: गोमांस चालत नसेल तर ‘फो बॉ’ आणि ‘फो गा’ दोन्ही विकणाऱ्या दुकानात जाऊ नका. तिथं वर कोंबडी घातली तरी खालचं पाणी गाईच्या हाडांचं असू शकतं. पाटीवर फक्त ‘फो गा’ लिहिलेली दुकानं वेगळी असतात, ती शोधा. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळं पाटी वाचणं अवघड नाही.

पोट बिघडलं असेल किंवा सोबत म्हातारी माणसं असतील तर ‘चाओ गा’ मागवा. ही कोंबडी घातलेली तांदळाची पेज. वर मिरपूड भुरभुरलेली असते, तेवढी नको म्हणा. सकाळी रस्त्याकडेला ‘सोय सेओ’ मिळतो: हळदीनं पिवळा केलेला चिकट भात, त्यावर शिजवून घोटलेली मूगडाळ आणि तळलेला कांदा. त्यात मिरचीचा संबंधच नसतो. विकणारी बाई वर डुकराच्या मांसाचा सुका चुरा किंवा चरबी घालायला जाते, तेवढ्यावर नजर ठेवा.

रश्शाशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही त्यांनी ‘कारी गा’ मागवावी. नारळाचं दूध, रताळं किंवा बटाटा, गवती चहा आणि कोंबडी, पावासोबत. दक्षिणेत जास्त मिळते आणि बहुतेक ठिकाणी सौम्य असते. भाजीत ‘झाउ मुअंग साओ तॉय’ म्हणजे लसणीवर परतलेली पाण्यातली पालेभाजी, आणि ‘दाऊ सोत का चुआ’ म्हणजे टोमॅटोच्या रसातलं टोफू. दोन्ही भाताशी छान जातात, पण दोन्हींत माशाचा सॉस असू शकतो.

‘बान मी’ या पावात मिरचीचे काप सवयीनं घातले जातात, म्हणून पाव चिरतानाच सांगा. शिवाय नुसतं अंडं सांगितलं तरी आत डुकराच्या काळजाचं पाते फासतात. ‘खोंग पाते’ म्हणा.

टाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहराचं ‘बुन बॉ ह्वे’ मुळातच तिखट असतं आणि त्यात गोमांस, डुक्कर, कोळंबीची आंबवलेली पेस्ट असं सगळं असतं. ज्या नावात ‘साते’ आहे ते मिरची आणि गवती चहाचं तेल, त्याला हात लावू नका. हनोईचा ‘माम तोम’, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, तिखट नसतो, पण त्याचा वास नवख्या माणसाला झेपत नाही. त्याऐवजी सोया सॉस मागा.

शाकाहारी आणि जैन वाचकांसाठी

चिकोडी, निपाणी, बेळगावकडच्या जैन मंडळींना व्हिएतनाम वाटतं तितकं अवघड नाही. ‘चाय’ हा शब्द पाटीवर दिसला की ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी दुकान. ‘कम चाय’ म्हणजे शाकाहारी भाताचं ताट. अशा बऱ्याच ठिकाणी धार्मिक कारणानं कांदा-लसूणही टाळतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे ढोबळमानानं अमावस्या-पौर्णिमेला, तिथले पुष्कळ लोक मांस सोडतात, त्या दिवशी चाय पदार्थ जास्त ठिकाणी मिळतात. ‘मीत खॉ’ ही कोवळ्या फणसाची भाजी कोकणाशी नातं असलेल्यांना लगेच आवडते. मात्र गाजर, मुळा आणि अळिंबी सर्रास असतात. कंदमुळं वर्ज्य असतील तर टोफू, पालेभाजी, भात असे पदार्थ बोट दाखवून निवडा.

लाओसमध्ये हे सोपं नाही. तिथला बौद्ध धर्म थेरवादी, भिक्षू भिक्षेत आलेलं मांस खातात, त्यामुळं शाकाहाराची वेगळी दुकानं कमी. शिवाय ‘पादेक’, म्हणजे आंबवलेल्या माशाचा दाट रस, अनेक पदार्थांत मिठासारखा वापरला जातो.

लाओस: खलाआधी बोला

‘ताम माक हुंग’ ही कच्च्या पपईची कोशिंबीर ज्या क्रमानं होते तो बघण्यासारखा आहे. उंच खलात सगळ्यात आधी लसूण आणि मिरच्या पडतात. त्या चेचल्या की मग साखर, लिंबू, पादेक, टोमॅटो आणि शेवटी पपईचा कीस. म्हणजे पपई हातात घेतलेली दिसेपर्यंत तुमची वेळ निघून गेलेली असते. आणि मिरची नको म्हणून सांगितलं तरी आधीच्या गिऱ्हाइकाच्या मिरच्यांचा रस लाकडी-मातीच्या खलाला चिकटलेला असतोच. अगदी सोसत नसेल तर खल धुवून घ्यायला हातवारे करून सांगा, नाहीतर ही कोशिंबीर सोडून द्या. आमच्या मते दुसरा मार्ग बरा.

‘लाप’ हा बारीक चिरलेल्या मांसाचा, भाजलेल्या तांदळाच्या पुडीचा आणि पुदिन्याचा पदार्थ. त्यात सुकी मिरची मिसळलेली असते आणि कधीकधी मांस कच्चं असतं. ‘सुक’ म्हणजे शिजवलेलं, हा शब्द विसरू नका. केळीच्या पानात वाफवलेला मासा ‘मोक पा’ वासाला सुरेख असतो, पण त्याचं वाटण आधीच केलेलं असतं, मिरची काढता येत नाही. त्याऐवजी ‘पिंग पा’ घ्या: मिठात घोळवून निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा, पोटात गवती चहा. ‘पिंग काई’ ही भाजलेली कोंबडी. दोन्हींबरोबर ‘जेओ’ नावाची चटणी वेगळ्या वाटीत येते, ती बाजूला सारा. लुआंग प्रबांगचं ‘जेओ बोंग’ गोडसर वाटतं म्हणून चमचाभर घेऊ नका, मिरची मागून चढते आणि त्यात म्हशीचं कातडंही असतं.

लुआंग प्रबांगमध्येच ‘ओर लाम’ नावाचं दाट कालवण मिळतं. त्यात एका रानवेलीच्या लाकडाचे तुकडे असतात, त्यांनी जीभ बधिर होते. ते चघळून टाकून द्यायचे असतात.

निर्धास्त खाण्याच्या गोष्टी: ‘खाओ पियाक सेन’ हे जाड शेवयांचं सूप, ‘खाओ पियाक खाओ’ ही पेज, आणि ‘खनोम खोक’, म्हणजे तांदळाच्या पिठाचे आणि नारळाच्या दुधाचे गोडसर अप्पेच म्हणा. चिकट भात ‘खाओ नियाओ’ बांबूच्या डब्यात येतो. तो हातानं, लहान गोळी करून खायचा, आणि दर वेळी झाकण लावायचं, नाहीतर वरचा थर वाळून कडक होतो. पचायला जड असतो, पहिल्या दिवशी अर्धा डबा पुरे.

काय बोलायचं

व्हिएतनामीत ‘खोंग काय’ म्हणजे तिखट नको, ‘खोंग अत’ म्हणजे मिरची नको, ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी. गा म्हणजे कोंबडी, बॉ गाय, का मासा, तोम कोळंबी. डुकराला दक्षिणेत हेओ आणि उत्तरेत लन म्हणतात. सुरांच्या चढउतारावर अर्थ बदलतो, त्यामुळं नुसत्या उच्चारावर विसंबू नका. ही वाक्यं त्यांच्या लिपीत फोनमध्ये साठवून दाखवा.

लाओ भाषेत ‘बो फेत’ म्हणजे तिखट नको, ‘फेत नोय’ म्हणजे थोडंसं तिखट, ‘बो साई माक फेत’ म्हणजे मिरची घालू नका. ‘फेत नोय’ म्हणू नका. त्यांचं थोडंसं तुम्हाला भारी पडेल. काई म्हणजे कोंबडी आणि खाई म्हणजे अंडं. क आणि ख आपण नीट वेगळे काढतो, तेवढा फायदा.

चुकून मिरची चावली गेलीच तर पाणी पिऊन काही होत नाही, कारण मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही. दुधाचे पदार्थ उपयोगी पडतात. व्हिएतनाममध्ये गोड दह्याच्या छोट्या वाट्या, ‘सुआ चुआ’, बहुतेक दुकानांत मिळतात. लाओसमध्ये कंडेन्स्ड मिल्क घातलेली कॉफी मागवा किंवा चिकट भाताची गोळी तोंडात धरा.

घरी करून बघा: खाओ पियाक सेन

प्रवासाआधी घरच्यांच्या जिभेला ओळख करून द्यायची असेल तर हाच पदार्थ निवडा, कारण जवळपास सगळं सामान आपल्याकडं मिळतं. चार माणसांचं प्रमाण देतोय.

सूपासाठी हाडांसकट १ किलो कोंबडी, अडीच लिटर पाणी, २ इंच आलं चेचून, गवती चहाच्या ३ काड्या, ६ लसूणपाकळ्या, १ कांदा अर्धा चिरून, दीड चमचा मीठ. गवती चहाची पानं आपण चहात घालतो. इथं मुळाजवळचा पांढरा, जाड बुंधा हवा. परसात लावलेला असेल तर जमिनीलगत कापा आणि बत्त्यानं ठेचा. नुसती पानं घातली तर सूपाला काढ्याचा वास येतो. पाण्याला उकळी आली की फेस काढून टाका, आच मंद करा आणि झाकण अर्धवट ठेवून ब्रॉयलर असेल तर ५० मिनिटं, गावरान असेल तर दीड ते दोन तास ठेवा. खळाखळा उकळलं तर सूप गढूळ होतं. कुकरमध्ये चव येते, पण नितळपणा जातो. फोडणी नाही, हळद नाही, गरम मसाला तर नाहीच.

शेवया म्हणजे खरी मेहनत. १ वाटी बारीक दळलेलं तांदळाचं पीठ, १ वाटी टॅपिओका स्टार्च, चिमूटभर मीठ. त्यावर पाऊण वाटी खळखळतं पाणी थोडं थोडं ओतत चमच्यानं ढवळा, हात लावण्याजोगं झालं की ७-८ मिनिटं मळा. ही उकडच आहे. तांदळात गव्हासारखा चिवटपणा नसतो, गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकटतो तेव्हाच गोळा धरतो. पाणी कोमट असेल तर लाटताना कडा फाटतात आणि शेवया सूपात विरघळतात. स्टार्चऐवजी कॉर्नफ्लोअर वापरलं तर शेवया तुटक होतात, त्यातली चावायची मजा जाते. साबुदाणा दळून चालतो, पण बारीक चाळून घ्या आणि मळल्यावर तासभर झाकून ठेवा, नाहीतर कण राहतात. स्टार्च असेल तर अर्धा तास पुरे.

गोळ्याचे चार भाग करा, एकावर काम चालू असताना बाकीचे ओल्या फडक्याखाली. चपातीपेक्षा जाड, साधारण ३ मिलिमीटर लाटा, अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा आणि वर कोरडं स्टार्च भुरभुरा. ते झटकू नका. हेच स्टार्च सूपाला दाटपणा देतं.

कोंबडी बाहेर काढून मांस बोटांनी सोडवा, सूप गाळा, पुन्हा उकळा आणि शेवया थेट त्यात सोडा. पहिलं मिनिटभर ढवळू नका, मोडतात. ४-५ मिनिटांत त्या वर तरंगतात आणि पांढऱ्याच्या अर्धपारदर्शक होतात. मग २ चमचे माशाचा सॉस. तो गोव्याकडं जाणाऱ्याला सांगून किंवा ऑनलाइन मागवता येतो, नसेल तर मीठ आणि चमचाभर सोया सॉस. वाडग्यात मांस, वर कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात कुरकुरीत केलेली लसूण, लिंबाची फोड. ज्याला पाहिजे त्यानं मिरपूड आपल्या वाडग्यात घालावी.

शाकाहारी करायचं तर मुळा, कोबी, कांदा आणि वाळवलेल्या अळिंबीचं पाणी ४५ मिनिटं उकळून गाळा आणि त्यात शेवया शिजवा. टोफू वेगळं भाजून वर ठेवा.

शिजल्यावर लगेच वाढा. अर्ध्या तासात शेवया सूप पिऊन फुगतात आणि भांड्यात खळ उरते. पाहुणे उशिरा येणार असतील तर सूप आणि कच्च्या शेवया वेगळ्या ठेवा. पट्ट्या स्टार्च लावून डब्यात घातल्या तर फ्रिजमध्ये एक दिवस टिकतात.