साताऱ्याच्या वेढ्यावरचा गेम: नायक-नायिकेचा पर्याय मराठीत कसा द्यावा

गेमच्या सुरुवातीला 'पुरुष की स्त्री' असा पर्याय दिला की चेहरा आणि आवाज बदलून भागत नाही. मराठीत क्रियापदही बदलतं, आणि कथा साताऱ्याच्या किल्ल्याची असेल तर इतिहासाचाही मान राखावा लागतो.

आधी पूर्वकथेचा तक्ता करा. एका रकान्यात न हलणाऱ्या गोष्टी: डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने घातलेला वेढा, किल्लेदार प्रयागजी प्रभू, मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन, एप्रिलमध्ये मोगलांच्या हाती गेलेला किल्ला. 'अजिंक्यतारा' हे नाव नंतरचं, ते वेढ्यातल्या पात्राच्या तोंडी घालू नका. दुसऱ्या रकान्यात ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत ती माणसं: पहारेकरी, जासूद, दारूगोळा वाहणारे. खेळाडूचं पात्र इथूनच उचला. म्हणजे ते स्त्री असलं तरी एकही नोंद मोडत नाही. प्रयागजींच्या जागी बाई आणली तर मोडते.

लढ्याची सूत्रं बाईच्या हाती दाखवली तर लोकांना पटेल का, हा प्रश्न साताऱ्यात तरी पडू नये. १७०० पासून १७०७ पर्यंत औरंगजेबाशी लढा ताराबाईंनीच चालवला.

दिलेला पर्याय शेवटपर्यंत पाळा. २०१८ च्या 'ॲसॅसिन्स क्रीड ऑडिसी'त खेळाडू अलेक्सिओस किंवा कसांड्रा निवडतो आणि प्रेम कुणावर करायचं तेही स्वतः ठरवतो. पुढच्या जोडभागात मात्र घराण्याचा वंश चालला पाहिजे म्हणून निवडलेल्या पात्राला सक्तीने संसार आणि मूल दिलं. खेळाडू भडकले, कंपनीने माफी मागून तो भाग बदलला. वंशाची अट मूळ तक्त्यात असेल तर ती पहिल्या दिवसापासून दिसू द्या.

आता संवाद, खरी मेहनत इथे आहे. 'एवढ्या रात्री तटावर एकटाच आलास?' हे वाक्य नायिकेला 'एकटीच आलीस?' असं हवं. अशी वाक्यं 'पुरुष' आणि 'स्त्री' अशा दोन रकान्यांत पूर्ण लिहा. 'आल' पुढे कोडने 'ास' किंवा 'ीस' जोडू नका: तुकडे एकत्र न जुळता वेगवेगळे उमटले तर सुटी मात्रा पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळासकट दिसते, आणि 'एकटा'चं 'एकटी' करायचं राहूनच जातं.

पुष्कळ वाक्यं एकाच रूपात भागतात. 'मी बुरूज पाहिला', 'मी जाईन', 'मला जायचंय' यांत बोलणारा कोण ते कळत नाही. वरचा प्रश्नही 'एवढ्या रात्री तटावर कुणी पाठवलं तुला?' असा वळवता येतो. 'विसरणे', 'शिकणे', 'बोलणे' इथे फसगत होते: कर्म असूनही 'मी निरोप विसरलो' आणि 'मी निरोप विसरले' वेगळं होतं. 'तुम्ही आलात' दोघांनाही चालतं, पण मध्ये 'एकटे' आलं की पुन्हा 'एकट्या' लागतंच.

सांगली-कोल्हापूरकडे बऱ्याच मुली सहज 'मी येतो' म्हणतात. नायिका त्या भागातली असेल तर तशी बोली जरूर द्या, फार गोड वाटते. पण ती तिच्या सगळ्या संवादांत ठेवा आणि तक्त्यात तशी नोंद करा, नाहीतर तपासणारा चूक समजून 'येते' करून टाकेल.

शेवटी पूर्ण गेम दोनदा खेळून घ्या, एकदा नायक घेऊन, एकदा नायिका. राहिलेल्या चुका बहुतेक मुख्य संवादांत नसतात, त्या 'तू जखमी झालास' अशा छोट्या सूचनांत सापडतात.