कॅरेक्टरचं घर जाळू नका: सुखी बॅकस्टोरी कशी लिहायची

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे आपापलं काल्पनिक कॅरेक्टर घेऊन, डाइस टाकत, मिळून गोष्ट रंगवायचा खेळ. आमच्या टेबलवर एका कॅम्पेनचं, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या अशा एका लांब गोष्टीचं, पहिलं सेशन होतं, पाच जण, प्रत्येकाने आपापल्या कॅरेक्टरची ओळख करून दिली आणि पाचातले चार अनाथ निघाले. एकाचं गाव ड्रॅगनने जाळलेलं, एकीला जंगलात लांडग्यांनी वाढवलेलं, माझ्या रेंजरचे (रानावनात फिरणारा लढवय्या) आईवडील डाकूंनी मारलेले, आणि चौथ्याला तर आपण कोण हेच आठवत नव्हतं. तिसऱ्या सेशनला आम्हाला सोन्याची भरलेली थैली मिळाली, डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, विचारलं की आता या पैशाचं काय करणार, आणि आम्ही चौघं गप्प. पाचवी मैत्रीण म्हणाली, "मी घरी पाठवते." मग पुढचा अर्धा तास तिच्या घराबद्दलच चालला आणि ते त्या दिवसाचं सगळ्यात भारी दृश्य झालं. त्या दिवसापासून मी सुखी घरातलीच कॅरेक्टरं बनवतेय, डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतेय, आणि कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लोकांना वाटतं दुःख नसेल तर गोष्टीत दम नाही, साहसाला निघायला कारणच उरत नाही. पण ज्याचं सगळं आधीच गेलंय त्याला डीएम घाबरवणार कशाने? ज्याच्या घरी वाट बघणारं माणूस आहे त्याच्यासाठी प्रत्येक लढाई महाग असते, कारण हरलो तर कुणाला तरी निरोप जाणार.

सुरुवात करा ती "मी चांगलं घर सोडून का निघालो" या एका प्रश्नापासून. याचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. "मला जग बघायचं होतं" हे चालतं पण पातळ आहे, दोन सेशननंतर संपतं. त्यापेक्षा घरानेच पाठवलंय असं काहीतरी शोधा. म्हणजे घरासाठी निघालोय, घरात शिकलेलं काम पुढे न्यायला निघालोय, कुणाला तरी शब्द दिलाय, किंवा घरचं कुणीतरी आधी असंच फिरून आलंय आणि आता माझी पाळी आहे.

त्या मैत्रिणीचंच कॅरेक्टर उदाहरणाला घेते, तिची परवानगी आहे. नाव उर्शा, हाफ-ऑर्क, म्हणजे निम्मी माणूस आणि निम्मी ऑर्क या राकट जमातीतली, क्लास (पेशा) फायटर, म्हणजे लढवय्यी. हाफ-ऑर्क म्हटलं की लोक आईवडिलांची काहीतरी भयंकर कहाणी लिहितात, तिने साधं प्रेम लिहिलं. बाप माणूस, नदीवर नाव चालवणारा. आई ऑर्क, एकदा पलीकडे जायला म्हणून नावेत बसली आणि मग महिनाभर काही काम नसताना रोज इकडून तिकडे जात राहिली, शेवटी बापानेच विचारलं की बाई तुला नक्की जायचंय कुठे. गावाने सुरुवातीला नाकं मुरडली, मग एका पुरात त्या आईने निम्मं गाव खांद्यावरून बाहेर काढलं आणि विषय संपला. उर्शा निघाली कारण गेल्या वर्षीपासून नदीचं पाणी कमी होत चाललंय, नाव गाळात रुततेय, आणि उगमाकडे जाऊन बघून ये असं गावाने तिला सांगितलं, कारण नदी तिच्याइतकी कुणालाच माहीत नाही. बघा, यात कुणी मेलं नाही, कुणी छळलं नाही, तरी डीएमला अख्खं कॅम्पेन मिळालं, उगमाशी काय झालंय ते त्याने ठरवायचं.

पुढे माणसं. "माझे आईवडील प्रेमळ होते" या वाक्याचा टेबलवर शून्य उपयोग, ते लिहूच नका. तीन जिवंत माणसं घ्या, तीनच, आणि प्रत्येकाला एक सवय आणि एक गरज द्या. उर्शाच्या बापाचा गुडघा पावसाआधी दुखतो आणि तो त्यावरून हवामान सांगतो, त्याला आता नावेवर हाताखाली माणूस हवाय. धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय आणि ताई आल्याशिवाय तारीख काढायची नाही असं तिने सांगून टाकलंय. गावातले कुंभारकाका, ज्यांनी तिला लहानपणी चाकावर बसू दिलं होतं, त्यांना दिसेनासं होत चाललंय. एवढं पुरतं. दहा-बारा माणसं लिहिली तर डीएमच्या लक्षात एकही राहत नाही.

आणि सुखी घरात भांडणं असतात हो! ती घाला. आईला वाटतं तलवार कमी पल्ल्याची, भालाच घ्यायला हवा होता, आणि यावरून त्यांचं अजून जुंपतं. माया आणि कटकट एकत्र असली की ते घर खरं वाटतं, नुसती माया लिहिली की कॅलेंडरवरचं चित्र होतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, पैसे. हा सहसा कुणी बघत नाही. पहिल्या लेव्हलच्या फायटरला चेन मेल, म्हणजे कड्यांचं चिलखत, फुकट मिळतं, आपण शीटवर, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावर, लिहितो आणि विसरतो. पण नियमपुस्तकात त्याची किंमत 75 सोन्याची नाणी आहे आणि साध्या मजुराची मजुरी दिवसाला 2 चांदीची नाणी. दहा चांदीचं एक सोनं, म्हणजे एका मजुराची 375 दिवसांची मजुरी त्या चिलखतात आहे, तीही एक दाणा न खाता. मग ते आलं कुठून? उर्शाच्या गावाने वर्गणी काढली. मैत्रिणीने खरंच एका कागदावर यादी केली होती, कुंभारकाका तीन सोन्याची, कोपऱ्यावरच्या म्हातारीने चार चांदीची आणि एक कोंबडी, सराईवाल्याने उरलेली भर घातली आणि वर म्हणाला की परत आल्यावर बघू. ती यादी चिलखताच्या आत शिवलेली आहे. प्रत्येक मोठ्या गावात पोचलं की ती एकाचे पैसे फेडते आणि नावावर काट मारते. डीएमला दर दोन सेशनला नवं माणूस आयतं मिळत गेलं.

तुमच्या शीटवरची सगळ्यात महाग वस्तू बघा आणि हाच प्रश्न विचारा. विझर्डचं, म्हणजे जादूगाराचं, स्पेलबुक (मंत्रांची वही) 50 सोन्याचं, मजुराचे 250 दिवस. आजीने विकलेली गाय? गावच्या शाळेतल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून दिलेलं? रोग (rogue) हा हातचलाखीचा क्लास, त्याच्याकडे कुलपं उघडायची हत्यारं असतात, ती चोरीचीच कशाला, घरात तीन पिढ्या कुलपं बनवायचा धंदा असेल, आणि लहानपणी जेवायच्या आधी डब्याचं कुलूप उघडून दाखवायचं अशी पद्धत असेल. असं केलं की स्किल आणि माणूस एकत्र बांधले जातात, डाइस टाकताना "बाबांनी शिकवलेली युक्ती वापरतो" हे तोंडातून आपोआप येतं.

वॉरलॉक, म्हणजे कुणा शक्तिशाली पॅट्रनशी करार करून जादू मिळवणारा, त्याचं काय, हा प्रश्न मला हमखास विचारतात, कारण तिथे करार आलाच. पण करार दुःखातूनच झाला पाहिजे असं कुठे लिहिलंय? पॅट्रन म्हणजे जंगलातली जुनी फे राणी, म्हणजे पऱ्यांची राणी, असेल, पणजीने तिला एकदा घरी जेवायला वाढलं होतं आणि तेव्हापासून दर पिढीतल्या एकाला ती आपल्याकडे कामाला बोलावते, घरच्यांना याचा अभिमान आहे आणि थोडी काळजीही. कॅरेक्टर एल्फ जमातीचं असेल तर अजून सोपं, 2014 च्या नियमपुस्तकाप्रमाणे एल्फ 750 वर्षांपर्यंत जगतात, म्हणजे पणजी, खापरपणजी सगळ्या हयात असू शकतात, एवढ्या मोठ्या गोतावळ्यात अनाथ व्हायलाच कष्ट पडतील.

काहीच सुचत नसेल तर डाइसची मदत घ्या. 2017 च्या झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग या खेळाच्याच पुस्तकात आईवडील, भावंडं, बालपण या सगळ्याचे तक्ते आहेत, नशीब असेल तर भावंडं अकरापर्यंत निघतात. वाईट निकाल आला तर तो स्वीकारायची सक्ती नाही, परत टाका. 2014 च्या नियमपुस्तकात बॉन्ड (जिव्हाळ्याचं नातं) आणि फ्लॉ (दोष) असे रकाने आहेत, त्यातला बॉन्ड सोपा आहे, वरच्या तीन माणसांपैकी एक टाका. फ्लॉच्या रकान्यापाशी मात्र थांबून विचार करा.

कारण सुखी कॅरेक्टरमध्ये दोष नसतो असं वाटून लोक तिथे काहीतरी गुळमुळीत लिहितात. दोष सुखातूनच काढायचा. ज्याला कधी उपाशी झोपावं लागलं नाही तो शिधा मोजत नाही. ज्याला घरी कुणी फसवलं नाही तो अनोळखी माणसावर पटकन विश्वास ठेवतो. नावेचे पैसे सुगीनंतर द्यायचे अशी उर्शाच्या गावात रीत, त्यामुळे कुणी "नंतर देतो" म्हटलं की तिला ते खरंच वाटतं, आणि एका व्यापाऱ्याने यावरून पार्टीला, म्हणजे आमच्या टोळीला, असं गंडवलं की आम्ही सगळे तिच्यावर चिडलो, मग तिच्यासोबत त्याच्या मागे लागलो. फ्लॉ असा हवा, ज्याने खेळ हलतो.

आता डीएमशी बोलणं, आणि हे टाळू नका. माझं स्पष्ट मत आहे की अर्धे लोक अनाथ कॅरेक्टर बनवतात ते भीतीपोटी, आधीच्या कुठल्यातरी डीएमने त्यांच्या घरच्यांना ओलीस धरलेलं असतं किंवा मारून टाकलेलं असतं, मग पुढच्या वेळी माणूस म्हणतो नकोच ते, आधीच मेलेले बरे. म्हणून सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, सरळ सांगा की माझ्या घरच्यांना मारू नकोस, त्यांना कामाला लाव. अडचणी हव्या तेवढ्या दे. नदीवर नवा कर बसू दे, भावाला माझ्यासारखं घर सोडून यायचं असू दे, लग्नाची तारीख आणि राक्षसाची गुहा एकाच आठवड्यात येऊ दे. मरण सोडून गोष्टीत ताण आणायला शंभर रस्ते आहेत, चांगल्या डीएमला ते माहीत असतात. आणि तुम्ही स्वतः डीएम असाल तर हा शब्द द्या आणि पाळा, बघा पुढच्या कॅम्पेनला किती आया आणि आज्या टेबलवर येतात.

लिहून झालं की एक पान, त्याच्या वर नाही. एक गोष्ट मुद्दाम मोकळी सोडा जी तुम्हालाही माहीत नाही, आई नदीवर येण्याआधी कुठे होती असली काहीतरी, ती डीएमला भरू दे.

मग ते घर खेळात जिवंत ठेवणं तुमच्याच हातात आहे. मुक्कामाच्या रात्री पत्र लिहा, दोन ओळी मोठ्याने वाचा, बास. पार्टीत कुणाकडे सेंडिंग स्पेल असेल तर सोन्याहून पिवळं. तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, 25 शब्दांपर्यंत निरोप ओळखीच्या माणसाला कितीही लांब पाठवता येतो आणि त्याला लगेच तसंच उत्तर देता येतं. आम्ही मराठीत खेळतो त्यामुळे इथे आम्हाला फायदाच होतो, मराठीचा एक शब्द दोन-तीन शब्दांचं काम करतो. उर्शाचा पहिला निरोप असा होता: "आई, सुखरूप पोचले. कुंभारकाकांच्या मोहरा पाठवल्यात, मिळाल्या का? बाबांचा गुडघा कसाय? धाकटीच्या लग्नाला येते, माझ्याशिवाय होडी सजवू नका." मोजा, अठराच शब्द झाले. टेबलवर सगळे बोटं मोजत होते आणि क्लेरिक, म्हणजे आमच्यातला पुजारी, म्हणाला अजून सात उरलेत, बोल काहीतरी. ती जरा थांबली आणि म्हणाली, "इथे नदीचा वासच येत नाही गं आई."

डीएमने आईच्या आवाजात उत्तर दिलं, जेवतेस का, सोबतचे जेवतात का, परत येताना सगळ्यांना घेऊन ये. त्या "सगळ्यांना" मध्ये आम्ही चार अनाथही आलो. पुढच्या सेशनला माझ्या रेंजरने चिलखतातली यादी मागून घेतली आणि म्हातारीची चार चांदीची नाणी आपल्या थैलीतून दिली. कोंबडीचं अजून बाकी आहे.