गाडीला स्टीलच्या जाळीच्या ब्रेक लाइन घरी कशा बसवाव्यात

ब्रेक दाबला की रबरी होज पाइप दाबाने किंचित फुगतो आणि पेडल मऊ लागतं. स्टीलच्या लाइनमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलची जाळी असते. ती जवळपास फुगत नाही, म्हणून पेडल कडक आणि नेमकं लागतं. गाडी किती अंतरात थांबेल हे मात्र मुख्यतः टायर आणि रस्ता ठरवतात. त्यात मोठा फरक पडेल या अपेक्षेने खर्च करू नका.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या हॅचबॅकला सहसा चार लाइन लागतात. आपल्याच मॉडेलच्या, टोकं कारखान्यात प्रेस केलेल्या लाइन घ्या आणि लांबी व आटे जुन्या पाइपशी ताडून पाहा. लाइनचं टोक ज्या आतून पोकळ बोल्टने ब्रेकला जोडतात त्या प्रत्येक बँजो बोल्टला तांब्याचे दोन नवे वॉशर लागतात. जुने एकदा दबलेले असतात, ते परत वापरले की तिथूनच गळती सुरू होते. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, एक लिटर सीलबंद ब्रेक ऑइल घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या गाड्यांना चालत नाही.

गाडी सपाट जागी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर टेकवून खाली हात घालायचा नाही.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती जुना पाइप जिला जोडलेला असतो त्या लोखंडी नळीच्या नटावर. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात, किंवा गंजलेला नट नळीलाच पीळ देऊन तोडतो आणि मग ती अख्खी नळी बदलावी लागते. म्हणून नटाला जवळपास चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर नट पानाच वापरा, बहुधा १० किंवा ११ मिमीचा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेतल्या गाडीला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट फिरताना नळीवर नजर ठेवा: तीही फिरू लागली तर थांबा, नट थोडा मागे घ्या आणि पुन्हा तेल मारा.

लाइन सोडण्याआधी पेडल दोनेक सेंटिमीटर दाबून काठीने तसंच अडकवा. त्यामुळे मास्टर सिलिंडरची (पेडलच्या जोराने ऑइल लाइनमध्ये ढकलणारा पंप) टाकीकडून येणारी वाट बंद होते आणि टाकी रिकामी होत नाही. ब्रेक लाइट तेवढा वेळ पेटून राहील, त्याचा फ्यूज काढा. टाकी रिकामी होऊन एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढायला बहुधा स्कॅनर लागतो. सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

एका वेळी एकच चाक घ्या. कॅलिपरचं (डिस्कला पॅडने पकडणारा भाग) टोक आधी हाताने लावा, मग लाइन ब्रॅकेटमधून घेऊन नट बोटांनीच तीन-चार आटे फिरवा. सहज फिरत नसेल तर आटे वाकडे बसले आहेत, पाना लावू नका. लाइनला पीळ नाही हे पाहून क्लिप ठोका आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. बँजोवर एक वॉशर बोल्टच्या डोक्याखाली, दुसरा कॅलिपरच्या बाजूला.

आता स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, चाक लटकतं असताना आणि जॅकने वर उचललेलं असताना. लाइन कुठे ताणली जाते का, टायरला किंवा स्प्रिंगला घासते का, ते बघा. उघडी जाळी कानशीसारखी असते, जिथे घासेल तो भाग कापत जाते आणि स्वतःही तुटते.

मग काठी काढून लाइनमध्ये शिरलेली हवा काढायची. क्रम मॅन्युअलचा, तो नसेल तर उजवं स्टीअरिंग असलेल्या बऱ्याच गाड्यांत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकाच्या ब्रेकवरच्या निपलला (हवा सोडायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलमध्ये बुडवा. मदतनीसाने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल उघडून बंद करायचं आणि त्यानंतरच त्याने पाय उचलायचा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातल्या गंजाने सील फाटू शकतं. दर सात-आठ दाबांनंतर टाकी भरा. बुडबुडे पूर्ण थांबले की पुढचं चाक. निपल पोकळ असतं, हलक्या हातानेच आवळा.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात अर्धा मिनिट दाबून धरा. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर आत हवा आहे, हळूहळू खाली गेलं तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष आहे. गाडी बाहेर काढायची नाही. प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून ओल तपासा. फ्यूज परत बसवा आणि मोकळ्या जागी १० ते २० किमी वेगाने ब्रेक मारून पाहा. साधारण १०० किलोमीटरनंतर सगळे सांधे पुन्हा कागदाने पुसून तपासा.