क्वेक ३ हॅण्डहेल्डवर: कुठे अडलं, कसं सुटलं

१९९९ साली आलेला ‘क्वेक ३ अरीना’ हा गोळीबाराचा गेम दादा आणि मी दोन जुने पीसी केबलने जोडून खेळायचो. तोच गेम माझ्या लिनक्सवाल्या हॅण्डहेल्डवर (हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावर) आणायला तीन संध्याकाळी गेल्या.

गेमचा सोर्स कोड २००५ पासून खुला आहे आणि त्यावर उभं राहिलेलं ‘आयओक्वेक३’ हे इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, फुकट मिळतं. पण नकाशे, आवाज, पात्रं त्यात नसतात, ती आपल्या मूळ सीडीतून घ्यायची. मी ‘बेसक्यू३’ फोल्डरमध्ये फक्त पॅक०.पीके३ ही गेमच्या डेटाची फाइल टाकली होती, त्यामुळे फाइली कमी असल्याचा संदेश येऊन गेम बंद व्हायचा. १.३२ पॅचमधल्या (गेमच्या सुधारित आवृत्तीच्या) पॅक१ ते पॅक८ तिच्या शेजारी ठेवल्या आणि मेनू उघडला. हाच संच दादाच्या लॅपटॉपवरही हवा, कारण ‘प्युअर’ सर्व्हर (सामना चालवणारं यंत्र, इथे दादाचा लॅपटॉप) दोन्हीकडच्या पीके३ फाइली ताडून बघतो. गेममधल्या यादीत दादाचा सर्व्हर दिसेना, तेव्हा कन्सोलमध्ये (गेममधल्या आज्ञा लिहायच्या खिडकीत) कनेक्ट लिहून त्याचा आयपी पत्ता दिला. पोर्ट २७९६०.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नेम धरण्याने. उजव्या स्टिकला माउस केलं तर रेलगनची (एका वेळी एकच अचूक गोळी मारणाऱ्या बंदुकीची) गोळी कधी लागतच नाही. शेवटी जायरोलाच (यंत्र कसं वळतंय ते ओळखणाऱ्या सेन्सरला) माउस केलं, तेही अंगठा टचपॅडवर टेकलेला असेल तेवढ्यापुरतं. मोठी वळणं अंगठ्याने घ्यायची, शेवटचा केसभर फरक मनगटाने. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवा आणि माउस अ‍ॅक्सलरेशन (जोरात हलवलं की नेम जास्त सरकणं) शून्यच, नाहीतर हाताला सवयच लागत नाही.

काल दादाला २० विरुद्ध १७ ने हरवलं.